विश्लेषण : ३२ इंची बासरी वाजते कशी? पन्नालाल घोष यांनी नेमके काय बदलले?

लोकसंगीतातल्या बासरीला रागसंगीताच्या मैफलीत स्वतंत्र स्थान मिळाले ते पन्नालाल घोष यांच्यामुळे. त्यासाठी त्यांनी बासरीची लांबी वाढवली. अशी बासरी वाजवणे अवघड का, याचे उत्तर ओठांतून निघणाऱ्या हवेच्या झोतात आहे.

पन्नालाल घोष कोण होते?

त्यांचा जन्म १९११ मध्ये बारिसाल (आता बांगलादेश) येथे झाला. वडील अक्षयकुमार सतारवादक, तर धाकटे बंधू निखिल तबलावादक. १९४० मध्ये ते मुंबईत आले आणि चित्रपटसंगीतात रमले. १९४२ च्या बसंत चित्रपटाच्या संगीतात त्यांचा वाटा होता. तरीही १९४७ मध्ये, पस्तिशीत, ते मैहरच्या अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य झाले.

बासरी मोठी का केली?

छोट्या बासरीचा आवाज उंच आणि टोकदार. संथ आलापाला लागणारी गंभीरता तिच्यात नव्हती. घोष यांनी सुमारे ३२ इंचांची बासरी रूढ केली आणि तिला सातवे छिद्र जोडले.

झोत आणि सुराचा संबंध काय?

फुंकेचा झोत छिद्राच्या समोरच्या कडेवर आदळतो आणि नळीतील हवा कंप पावू लागते. हाच कंप उलट झोताला हलवतो. ओठांपाशी सुरू झालेली बारीक लहर कडेपर्यंत वाढत जाते आणि झोत आळीपाळीने नळीच्या आत-बाहेर जातो. ही ये-जा कंपाच्या तालात असली, तरच सूर टिकतो. ध्वनीने झोत हलतो हे इतरत्रही दिसते. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन लेकाँत यांनी सेलोच्या सुरांवर गॅसदिव्याची ज्योत नाचताना पाहिली आणि १८५८ मध्ये ते निरीक्षण प्रसिद्ध केले.

मग अवघड काय?

लांब नळीतला कंप संथ असतो. त्यामुळे खालच्या सुरांसाठी झोतही सावकाश, पण अखंड हवा. फुंक थोडी जोरात गेली की झोत कडेपर्यंत लवकर पोहोचतो आणि सूर वरच्या सप्तकात उडी घेतो. शिवाय छिद्रे दूर-दूर असल्याने बोटे ताणावी लागतात.

पुढे काय झाले?

१९५६ मध्ये घोष दिल्लीला आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक झाले. २० एप्रिल १९६० रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जावई देवेंद्र मुर्डेश्वर यांनी ही परंपरा पुढे नेली. आज मैफलीत दिसणारी लांब बासरी ही त्याच प्रयोगाची देणगी आहे.