अर्नेस्ट स्टार्लिंग आणि पायाची सूज

सुजलेल्या पायावर बोट दाबले की खळगा पडतो. हे पाणी तेथे कसे साचते, याचा उलगडा अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी केला. त्यांचा जन्म १८६६ साली लंडनमध्ये झाला. वडील नोकरीनिमित्त मुंबईस असत. मुले आईनेच वाढविली.

केशवाहिन्यांच्या पेशी हा रस स्वतःच स्रवतात, असे जर्मनीतील हायडेनहाइन सांगत. स्टार्लिंग १८९२ साली ब्रेस्लाऊला त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करून आले, आणि पुढे त्यांचेच मत खोडून काढले. त्यांनी कुत्र्याच्या पायात मिठाचे पाणी टोचले. ते रक्तात शोषले गेले. रक्ताचा सीरम टोचला, तो मात्र शोषला गेला नाही. म्हणजे रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातील प्रथिने ते आत धरून ठेवतात. हे त्यांनी १८९६ साली मांडले. मूत्रपिंड बिघडून प्रथिने लघवीवाटे जाऊ लागली की अंग सुजते, त्याचे एक मोठे कारण हेच.

बाहेर पडलेले पाणी केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाशी परत आत शिरते, असे आम्ही वर्गात शिकवीत आलो. नव्या संशोधनाप्रमाणे बहुतेक अवयवांत ते लसीकावाहिन्यांतून फिरून येते.

हॉर्मोन हा शब्दही १९०५ साली त्यांनीच रूढ केला. नोबेल पारितोषिक काही मिळाले नाही. २ मे १९२७ रोजी जहाज जमैकाच्या किंग्स्टन बंदराशी आले असता ते वारले. त्या बेटावरच त्यांचे दफन झाले.