जावजी दादाजी आणि अक्षराची बारीक रेघ

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना ग्रंथकारांची व संपादकांची नावे आदराने घेतली जातात. परंतु ज्या अक्षरांतून त्यांचे विचार वाचकांपर्यंत पोहोचले ती अक्षरे कोणी घडविली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत एका गरीब कुटुंबात झाला. शालेय शिक्षण बेताचेच. दहा वर्षांचे होतात न होतात तोच ते मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर टाइप घासण्याच्या कामाला लागले. याच मिशनने १८३१ साली अहमदनगरला आपले ठाणे वसविले आणि १८४२ साली तेथून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. नगर-भिंगार परिसरात नव्या शिक्षणाचे पाय रोवण्यात मिशनच्या शाळांचा वाटा मोठा आहे. त्या शिक्षणाला लागणारी अक्षरे मात्र मुंबईत शिशाच्या भुकटीत बसलेल्या पोरसवदा हातांतून जात होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी अक्षरांना सुबक रूप दिले होते. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडेचा फाजील धातू काढून तो सारखा करणे, हे वरकरणी हलके काम. पण दिवसभर एकेक अक्षर डोळ्यांजवळ धरणाऱ्या मुलाला त्याचे वळण कळू लागले असल्यास नवल नाही.

देवनागरीचे सौंदर्य पुष्कळसे जाड आणि बारीक रेघांच्या विरोधात आहे. बोरूचे टोक तिरके कापलेले असते. त्यामुळे हात एका दिशेने वळला की रेघ भरदार उमटते, दुसऱ्या दिशेने वळला की केसासारखी होते. बोरूची ही लकब धातूत उतरविणे सोपे नसते. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे, ते पोलाद कठीण करून तांब्यावर ठोकावयाचे आणि त्या खळग्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतावयाचा. बारीक रेघ जरा अधिक बारीक झाली तर ती छापताना मोडते. जाड ठेवली तर अक्षर बोजड दिसते. शिवाय खिळे झिजू लागले की पहिला बळी बारीक रेघेचाच जातो. म्हणजे डौलदार अक्षर हे महागडे अक्षर.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी हा अनुभव घेतला होता. आपल्या नाजूक रेघांसाठी त्यांनी गुळगुळीत कागद आणि दाट काळी शाई सिद्ध केली आणि १७५७ साली व्हर्जिलच्या काव्याची देखणी आवृत्ती काढली. पण मुद्रणात त्यांना पैसा मिळाला नाही. १७७५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे ठसे फ्रान्समध्ये विकले गेले. त्यांच्यामागे दुसऱ्या धंद्यात मिळविलेली संपत्ती होती, म्हणून हा छंद त्यांना परवडला. जावजींजवळ अशी संपत्ती नव्हती.

‘इंदुप्रकाश’ व इतर छापखान्यांत नोकरी केल्यावर १८६४ साली जावजींनी टाइपांचा स्वतःचा लहानसा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी अक्षर, मग छापखाना. टाइप इतर छापखान्यांना विकून भांडवल फिरते राहिले आणि स्वतःच्या पुस्तकांसाठी ताजे, न झिजलेले खिळे घरचेच मिळू लागले. पंचांगासारखे दरसाल हमखास खपणारे प्रकाशन हाताशी होते. संस्कृत ग्रंथांसारखा मंद गतीने खपणारा माल अशाच पायावर उभा राहू शकतो.

जावजींच्या टाइपांचे ठसे कोरणारे कारागीर म्हणजे त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू. निर्णयसागरच्या अक्षरांची जी ख्याती झाली तिचा मोठा वाटा राणोजींच्या हाताचा आहे. मालकाचे नाव मुखपृष्ठावर राहते, कोरणाऱ्याचे राहत नाही. जगभर हेच घडत आले आहे, परंतु म्हणून ते न्याय्य ठरत नाही.

१८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली ‘काव्यमाला’ निघू लागली. जुनी संस्कृत काव्ये शुद्ध पाठ, सुबक छपाई आणि सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत मिळू लागली. युरोपातील संस्कृतज्ञही या आवृत्त्या वापरू लागले. ज्या विद्येची दारे पिढ्यान्‌पिढ्या मूठभरांपुरतीच उघडी होती, तिचे ग्रंथ एका अल्पशिक्षित टाइप-घाशाच्या छापखान्यातून घरोघर जाऊ लागले. ही सामाजिक घटना लहान नव्हे. तिची नोंद सुधारकांच्या इतिहासात क्वचितच आढळते, कारण जावजींनी भाषणे केली नाहीत की पत्रके काढली नाहीत.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. त्यांच्यामागे पुत्र तुकाराम जावजी यांनी छापखाना चालविला. खिळे जुळविण्याची विद्या आता व्यवहारातून गेली आहे. तथापि निर्णयसागरच्या अनेक संस्कृत ग्रंथांची छायामुद्रणे पुढेही निघत राहिली. त्यांत मजकूर नव्याने जुळविलेला नाही. पानावरची जाड-बारीक रेघ जुन्या ठशांचीच आहे.