महात्मा जोतीराव फुले आणि माळरानाची माती



११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर या दोन तारखा जवळ आल्या की शाळाशाळांतून महात्मा जोतीराव फुले यांच्यावर भाषणं होतात. मुलींची शाळा, सावित्रीबाई, सत्यशोधक समाज हे मुलांना पाठच असतं. पण जोतीरावांच्या आयुष्याची आणखी एक बाजू आहे, ती भाषणात फारशी येत नाही. ती म्हणजे माती. भूगोलात 'मृदा' हा घटक शिकवताना काळी, तांबडी, जांभी एवढी नावं घेऊन आपण पुढे जातो. जोतीरावांचं चरित्र सोबत घेतलं, तर हाच घटक मुलांना किती जवळचा होतो ते पाहा.

मूळ गाव माळरानाचं

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. तिथून हे घराणं पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आणि पुढे पुण्याला आलं. खटाव काय, पुरंदरचा पूर्व भाग काय, दोन्ही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. वर्षाचा पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. आपल्या भिवंडीत पावसाळ्यात २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे फरक केवढा आहे ते लक्षात घ्या.

आता गंमत अशी, की खाली खडक दोन्हीकडे एकच. काळा बेसाल्ट. पण पाऊस आणि उतार बदलला की माती बदलते. आपल्याकडे जोरदार पावसानं मातीतला चुना धुऊन जातो. तिकडे पाऊस कमी, म्हणून चुनखडीचे खडे मातीतच राहतात. तिकडे सखल भागात वरून आलेली बारीक माती साठून खोल काळी जमीन होते. डोंगरउतारावर आणि माळावर मात्र जेमतेम वीतभर माती, तिच्यात गोटे आणि खाली लगेच मुरूम. पाणी धरून ठेवायची ताकद कमी, कुजलेला पालापाचोळा कमी. पाऊस पडला की दोन दिवसांत कोरडी. अशा मातीवर नांगर चालवण्यापेक्षा गवत बरं. म्हणून तिथे कुसळी, पवना, मारवेल अशी गवतं आणि त्यांवर चरणारी शेळ्यामेंढरं. गावोगावी अशी जमीन गायरान म्हणून राखलेली असे.

शाळा सुटली, शेत हाती आलं

जोतीरावांचे वडील गोविंदराव. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारल्या. सगुणाबाईंनी त्यांना वाढवलं. प्राथमिक शिक्षणानंतर वडिलांनी त्यांचं नाव शाळेतून काढलं आणि त्यांना शेतीच्या कामाला लावलं. पुढे शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. मधली ती वर्षं वाया गेली असं मुलांना सांगू नका. शेतकऱ्याच्या कष्टाचा अनुभव त्यांना तिथेच मिळाला.

१८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पोट भरण्यासाठी ते बांधकामाची ठेकेदारी करत. पुढे पुण्याजवळ मांजरीला त्यांनी जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर शेती केली. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याचे हाल आणि पाण्यानं होणारा बदल या दोन्ही गोष्टी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या.

मातीची प्रतवारी आणि आणे

त्या काळी मातीचं वर्गीकरण होत असे ते सारा ठरवण्यासाठी. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूरपासून नवी पाहणी सुरू केली. तिचे नियम १८४७ मध्ये पक्के झाले. पद्धत अशी: मातीचे तीन प्रकार. पहिला, बारीक पोताची काळी. दुसरा, थोडी भरड, बहुधा तांबडी. तिसरा, मुरमाड, भुसभुशीत, करड्या रंगाची. मग मातीची खोली हातानं मोजायची आणि नऊ प्रतींपैकी एक प्रत द्यायची.

पावणेदोन हात खोल काळी जमीन म्हणजे १६ आणे. मुरमाड जमीन एक हात खोल असली तरी ६ आणेच. आणि पाव हात, म्हणजे जेमतेम ११ सेंटिमीटर मुरमाड माती असेल तर २ आणे. याशिवाय उतार, वाळू, पाण्यानं धुपण्याचा धोका असे दोष दिसले की प्रत खाली.

ही पद्धत मुलांना फळ्यावर तक्ता काढून दाखवा, त्यांना आवडते. त्यांच्या लक्षात येईल की 'सोळा आणे खरं' मधले सोळा आणे म्हणजे पूर्ण किंमत. पद्धत हुशारीची होती, यात शंका नाही. पण ती माती आज किती आहे एवढंच पाही. ती कुठून आली, कशी टिकते, कशी जाते, हा प्रश्न साऱ्याच्या वहीत नव्हता.

जोतीरावांनी विचारलेला प्रश्न

तो प्रश्न जोतीरावांनी विचारला. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ त्यांनी पाहिला होता. सत्यशोधक समाजानं धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवलं होतं. १८७८ मध्येच वनकायदा आला. त्यानंतर जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. १८८३ मध्ये तो पूर्ण झाला. त्यातले भाग त्यांनी पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले. त्या यादीत आपलं ठाणंही आहे, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगा.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. डोंगरावरचा पाला, गवत, मेलेले किडे कुजून पावसाबरोबर खालच्या शेतात येतात आणि जमीन सुपीक करतात. डोंगर आणि गायरानं जंगलखात्यानं ताब्यात घेतली, मग गरिबाच्या शेळ्यामेंढरांनी चरायचं कुठे? जनावरं कमी झाली की खत कमी, खत कमी की पीक कमी. दर तीस वर्षांनी पाहणी होते आणि सारा मात्र वाढतो.

ते नुसती तक्रार करून थांबले नाहीत. लष्करातल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून ठिकठिकाणी ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला जाईल. नदीनाल्यांतला आणि तलावातला गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. गायरानं गावाला परत द्यावीत. मेंढरांची चांगली जात वाढवावी. आज आपण मृदसंधारण आणि पाणलोट विकास म्हणतो, त्यातला मोठा भाग इथे १८८३ मध्येच आहे.

आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचं: १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडताना त्यांनी अभ्यासक्रमात शेतीची प्राथमिक माहिती असावी असं सुचवलं होतं.

११ मे १८८८ रोजी मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली, तरी ते डाव्या हातानं लिहीत राहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात काय करता येईल?

माळरानाच्या या मातीला आजचे मृदाशास्त्रज्ञ 'एन्टिसॉल' गणात घालतात, म्हणजे जिच्यात अजून नीट थर तयार झालेले नाहीत अशी माती. नाव मोठ्या मुलांना सांगा. लहानांना हात घालू द्या.

१. गावी जाणाऱ्या मुलांना मूठभर माती आणायला सांगा. पालकहो, इथे तुमची मदत लागेल. भिवंडीच्या टेकडीवरची वरकस जमिनीची मातीही आणा.
२. २ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीनं चाळून खडे वेगळे वजन करा. खडे किती, माती किती?
३. मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर चुना आहे. घाटावरची आणि आपली माती यांत फरक दिसतो का?
४. दोन आडव्या बाटल्या घ्या, एकीत गवतासह माती, दुसरीत उघडी माती. दोन्ही थोड्या तिरक्या ठेवून पाणी घाला. खाली येणारं पाणी कोणत्या बाटलीतून गढूळ येतं?

चौथ्या प्रयोगानंतर मुलांना एकच प्रश्न विचारा: २ आण्यांच्या जमिनीवरचं गवत गेलं, तर नुकसान फक्त २ आण्यांचं का? उत्तर त्यांना खालच्या शेतापर्यंत घेऊन जाईल. आपल्याकडे टेकड्यांचा मुरूम भरावासाठी निघतो, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो. वीतभर माती तयार व्हायला शेकडो, हजारो वर्षं लागतात. ती जायला एक पावसाळा पुरतो.

यंदाच्या जयंतीला एका तरी मुलाला जोतीरावांच्या मातीवर बोलायला लावा. प्रयोग करून पाहा आणि काय दिसलं ते मुलांना त्यांच्याच शब्दांत वहीत लिहू द्या.