एक्कावन्नाव्या वर्षीचा विद्यार्थी

बँकेत माझी बरीच वर्षे सह्या पडताळण्यात गेली. चेकवरची सही आणि नमुना सही शेजारी शेजारी धरायची. नक्कल करणारा बहुधा एकाच गोष्टीने सापडे, त्याची रेघ फार जपून ओढलेली असे. त्यामुळे नक्कल म्हणजे लबाडी, हे डोक्यात पक्के बसलेले. निवृत्तीनंतर तैलरंग शिकायला गेलो, तेव्हा मला एकच चित्र काढायचे होते, माझ्या दिवंगत पत्नीचे. पण शिक्षकांनी तिशियनच्या एका व्यक्तिचित्राची छापील प्रत पुढे ठेवली आणि आधी हिची नक्कल करा म्हणून सांगितले. साठी उलटलेल्या माणसाने गिरवत बसायचे? मला राग आला. तो गेला पीटर पॉल रुबेन्सचे चरित्र वाचल्यावर.

रुबेन्सचा जन्म १५७७चा, जर्मनीतल्या सीगन गावचा. व्हेनिसचा तिशियन आदल्याच वर्षी वारलेला. म्हणजे या गुरुशिष्यांची गाठ पडणे शक्यच नव्हते. वडील गेल्यावर आई मुलांना घेऊन अँटवर्पला परतली. तिथे तो चित्रकला शिकला आणि १६०० साली इटलीला गेला. मँटुआच्या ड्यूकच्या पदरी राहून त्याने जुन्या उस्तादांच्या नकला केल्या. मँटुआची मार्किओनेस इझाबेला द'एस्ते हिचे तिशियनने काढलेले, तांबड्या पोशाखातले एक चित्र पुढे हरवले. ते कसे होते हे आज कळते ते व्हिएन्नाच्या संग्रहालयातल्या रुबेन्सच्या नकलेवरून.

तरुणपणी हे सगळेच करतात म्हणा. पण पुढे रुबेन्स दरबारी चित्रकार झाला. अँटवर्पला त्याची मोठी चित्रशाळा उभी राहिली, व्हॅन डाइकसारखा चित्रकार तिथे हाताखाली काम करून गेला. १६०९ मध्ये लग्न झाले होते, ती पत्नी इझाबेला १६२६ मध्ये वारली. दोन वर्षांनी स्पेन आणि इंग्लंड यांच्यातल्या तहाच्या खटपटीसाठी तो माद्रिदला गेला. वय एक्कावन्न, कीर्ती युरोपभर. राजवाड्यात तिशियनची चित्रे होती. वकिलीच्या कामात ताटकळणे फार; रुबेन्सने तो वेळ त्या चित्रांपुढे काढला. राजाजवळच्या तिशियनच्या सगळ्या चित्रांच्या नकला त्याने केल्या, असे पाचेकोने नमूद केले आहे. पाचेको हा वेलास्केझचा सासरा. वेलास्केझ तेव्हा तिथलाच तरुण दरबारी चित्रकार होता.

या वयात असे काय शिकायचे होते? हे मला ब्रश हाती घेतल्यावर उमगले. तयार चित्र आपल्याला शेवटचा रंग दाखवते, आधी काय लावले ते सांगत नाही. मी गालावर थेट गुलाबी रंग थापला आणि चेहरा बाहुलीचा झाला. खाली तपकिरी पाया हवा, सावल्या पातळ हव्यात, उजेड जाड हवा, आणि ते वाळल्यावर वरून पारदर्शक रंगाचा हात हवा. नक्कल करताना हा क्रम उलटा शोधत जावे लागते.

आणि रुबेन्सची रेघ जपून ओढलेली नव्हती. आदम आणि ईव्हच्या चित्रात त्याने आदमची बसण्याची ढब बदलली, झाडावर एक पोपटही बसवला. दोन्ही चित्रे आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत.

१६३० मध्ये त्याने हेलेना फोरमेंटशी दुसरा विवाह केला. तिच्या चित्रांतली ती उबदार, सजीव कांती पाहिली की माद्रिदचे ते महिने आठवतात. युरोपाच्या अपहरणाच्या चित्राची नक्कल त्याने स्वतःजवळच ठेवली होती. १६४० मध्ये तो वारल्यावर ती विकत घेतली स्पेनच्या राजाने, ज्याच्याजवळ मूळ चित्र होतेच! आज मूळ चित्र बॉस्टनला आहे आणि नक्कल माद्रिदला.

माझ्या तिशियनच्या तीन नकला झाल्या. आता पत्नीचा फोटो समोर ठेवला आहे. नुसता तपकिरी पाया झालाय, डोळे अजून यायचे आहेत. परवा मुलगी आली, कॅनव्हासपुढे थबकली आणि तिने आईच्या कपाळावरची बट नेमकी ओळखली.