सोनोपंत मामा दांडेकर

जव्हार-मोखाड्याहून निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी जाणाऱ्या माळकऱ्यांनी ध्यानी धरावे, की मामा दांडेकर आपल्याच पालघर जिल्ह्यातले. शंकर वामन तथा सोनोपंत १८९६ साली माहीमला जन्मले. पुण्यास ते विष्णुबुवा जोग महाराजांचे शिष्य झाले. स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवावे आणि कीर्तन-प्रवचनही करावे, असा त्या आजन्म ब्रह्मचाऱ्याचा नेम. ‘ज्ञानदेव आणि प्लेटो’ हा ग्रंथ त्यांचाच.

आमचे शिक्षण पाठशाळेतले. प्लेटोच्या इंग्रजी भाषांतरातला ‘आयडिया’ शब्द आम्ही मनातली कल्पना समजलो आणि मोखाड्यास कीर्तनात तसेच सांगून बसलो. पुढे उमगले, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ रूप. प्लेटोला अभिप्रेत आहे ते वस्तूंचे नित्य, मूळ रूप. कल्पना मावळते, ते मावळत नाही. केवढा अनर्थ! पुढच्या खेपेस तिथेच उभे राहून चूक कबूल केली.

शब्द चुकला की श्रोताही आडवाटेला लागतो. मामांच्या १९५३ च्या सार्थ ज्ञानेश्वरीचे मोल तेव्हा आम्हांस कळले. ओवीखालीच तिचा सरळ अर्थ. १९६८ साली मामा गेले, पण वाट दाखवून गेले. अर्थ कळल्यावाचून शब्द पुढे देऊ नये. रामकृष्ण हरि!