किंबर्लीचा दुभाषी : सोल प्लाटजे

दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स भाषेला १९२५ साली राजभाषेचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास पॉल द ग्रूट या डच नटाची फिरती मंडळी गावोगाव आफ्रिकान्स प्रयोग करू लागली. स्वभाषेत नाटके थोडी, म्हणून परभाषेतील नाटके आणून ती तूट भरून काढावी लागे. पुढे १९४७ मध्ये आंद्रे ह्यूगेने या नटाने आफ्रिकान्समधून हॅम्लेट उभा केला. या भाषेच्या पाठीशी शाळा होत्या, वृत्तपत्रे होती, सरकार होते. त्याच देशात, यांपैकी फारसे काहीच हाताशी नसताना, एका कृष्णवर्णीय गृहस्थाने शेक्सपिअरचे नाटक आपल्या त्स्वाना भाषेत छापून आणले, आणि तेही १९३० साली. त्यांचे नाव सोल प्लाटजे.

प्लाटजे यांचा जन्म १८७६ चा. शिक्षण एका जर्मन मिशनच्या शाळेत, तेही बेताचेच. किंबर्ली या हिऱ्यांच्या खाणींच्या शहरी ते टपाल वाटण्याच्या नोकरीस लागले. १८९६ साली तेथे एक फिरती इंग्रजी नाटक मंडळी आली असता या विशीतल्या तरुणाने प्रथमच हॅम्लेट पाहिले आणि शेक्सपिअरने त्यांना जे पछाडले ते कायमचेच. त्यांचे प्रेम जडले ते एलिझाबेथ या दुसऱ्या जमातीतील, दुसऱ्या भाषेतील मुलीवर. दोन्ही घरांचा कडाडून विरोध! रोमिओ-ज्युलिएटची कथा त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरजच उरली नाही. मात्र येथे शेवट सुखाचा झाला. १८९८ मध्ये दोघांचा विवाह झाला.

त्याच वर्षी ते माफेकिंगच्या कोर्टात दुभाषी झाले. आरोपीची भाषा एक, न्यायाधीशाची दुसरी. मधल्या माणसाचा एक शब्द चुकला तर निरपराध मनुष्य तुरुंगात जायचा. भाषांतर ही हौस नसून जबाबदारी आहे, ही त्यांची वृत्ती याच कोर्टात घडली असावी, असे मला वाटते. बोअर युद्धात माफेकिंगला वेढा पडला, त्या काळात त्यांनी लिहिलेली रोजनिशी १९७३ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एकेचाळीस वर्षांनी, ग्रंथरूपाने बाहेर आली.

पुढे ते संपादक झाले, १९१२ साली स्थापन झालेल्या आफ्रिकी काँग्रेसचे पहिले सरचिटणीस झाले. १९१३ च्या कायद्याने काळ्यांच्या वाट्याला देशाची जेमतेम सात टक्के जमीन ठेवली, तेव्हा सायकलवरून हिंडून त्यांनी बेघर कुटुंबांची दैना पाहिली आणि त्यावर ग्रंथ लिहिला. लंडनला शिष्टमंडळासोबत गेले असता तेथेही भाषा सुटली नाही. सातशेहून अधिक त्स्वाना म्हणी त्यांनी भाषांतरासह प्रसिद्ध केल्या. अमेरिकेहून परतताना सिनेमाचे यंत्र आणले आणि वस्त्यावस्त्यांतून शैक्षणिक चित्रपट दाखवीत फिरले. नाटक मंडळीचा तंबू नव्हता खरा, पण फिरस्ती तीच.

शिकलेली मुले मातृभाषेला पारखी होत आहेत, ही खंत त्यांना जाळीत होती. आपल्या भाषेत शेक्सपिअर मावतो हे सिद्ध केले, तर तिला गावंढळ कोण म्हणेल? शेक्सपिअरच्या नावाचेही त्स्वानात रूपांतर झाले होते : त्सिकिन्या-चाका, म्हणजे शस्त्र परजणारा. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’चे नाव झाले ‘दिफोशो-फोशो’, चुकांवर चुका. छपाईला पैसा नव्हता. अखेर मोरिजा येथील मिशनच्या छापखान्यात पुस्तक निघाले.

दरम्यान लेखनपद्धतीचा वाद पेटला होता. प्रत्येक मिशनची त्स्वाना लिहिण्याची तऱ्हा निराळी. त्यात गोऱ्या विद्वानांच्या समित्या नवे नियम लादू पाहत होत्या. ज्यांच्या तोंडी ती भाषा आहे त्यांना न विचारता हे व्हावे, याला प्लाटजे यांनी जाहीर विरोध केला. विरोध चालू असतानाच, १९३२ च्या जूनमध्ये, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय अवघे पंचावन्न.

त्यांनी केलेली आणखी काही शेक्सपिअरची भाषांतरे गहाळ झाली. ‘ज्युलियस सीझर’ तेवढे वाचले. ते १९३७ साली जोहान्सबर्गच्या विद्यापीठाने छापले, पण संपादक लेस्ट्रेड या गोऱ्या प्राध्यापकांनी त्यातील भाषेत आणि शुद्धलेखनात पुष्कळ फेरफार केले होते.