सयाजीराव महाराज : पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती आणि दहा वर्षांचा करार

बडोदे : नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावात मार्च १८६३ मध्ये जन्मलेल्या गोपाळ काशीराव गायकवाड या शेतकऱ्याच्या मुलाला वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत धड अक्षरओळख नव्हती. बडोद्याच्या राजघराण्याशी त्याच्या कुटुंबाचे नाते होते. पण ते इतके दूरचे, की रोजच्या भाकरीशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले आणि दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा दिली. कवळाण्याहून तीन मुले बडोद्यास नेण्यात आली. त्यांतून गोपाळची निवड झाली, २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान पार पडले आणि त्याचे नाव सयाजीराव ठेवण्यात आले.

इतर मुले इंग्रजी शाळेत पुढच्या इयत्ता चढत होती, त्या वयात या मुलाने मुळाक्षरे गिरवायला सुरुवात केली. राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. शिक्षणाची जबाबदारी एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याकडे होती. मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू अशा चार भाषा, गणित, इतिहास आणि त्याच्या जोडीला राज्यकारभाराचे धडे, हे सारे सहा वर्षांत उरकायचे होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सूत्रे हाती आली, तेव्हा सयाजीराव अठरा वर्षांचे होते. एका खेड्यातील मुलाच्या शिक्षणावर राज्याच्या तिजोरीतून खर्च झाला, की त्या मुलाचे काय होऊ शकते, याचे पहिले उदाहरण ते स्वतःच होते. त्यांच्या पुढील अनेक निर्णयांचे मूळ प्रस्तुत वार्ताहराला तरी येथेच दिसते.

त्याच १८८१ साली बडोदा कॉलेज सुरू झाले. लगोलग अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मोफत शाळा निघाल्या; मात्र तेथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ मध्ये आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांना अमृतसरहून बोलावून या शाळांची देखरेख त्यांच्याकडे सोपवण्यात आली. १८९० मध्ये कलाभवन उघडले. रंगकाम, यंत्रविद्या, चित्रकला यांसारखे विषय देशी भाषेतून शिकवणारी ही संस्था त्या काळी अपूर्वच होती. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके तेथे शिकून गेले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू झाला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकाची बाजू मांडताना बडोद्याचा दाखला दिला होता.

या गोष्टी शालेय पुस्तकांत येतात. तुलनेने कमी सांगितली जाते ती शाळा संपल्यानंतरची गोष्ट. मॅट्रिक झालेल्या मुलाने पुढे कोठे जायचे, कोणाकडे शब्द टाकायचा आणि पैसे कोठून आणायचे, हे प्रश्न तेव्हा आजच्याहून कठीण होते. शिष्यवृत्त्या मोजक्या होत्या आणि त्या आहेत हे गरजूंच्या कानावरही येत नसे. ओळखीपाळखीने, एखाद्या शिक्षकाच्या खटपटीने किंवा संस्थानिकाच्या मर्जीने जे जमेल ते जमे. विठ्ठल रामजी शिंदे यांचे पुण्यातील महाविद्यालयीन शिक्षण बडोद्याच्या मदतीमुळे पुढे सरकले. १९०१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माच्या तौलनिक अभ्यासासाठी निघाले, तेव्हा त्यांच्या प्रवासखर्चाचा भारही सयाजीरावांनी उचलला. पुढे शिंदे यांनी अस्पृश्यता निवारणाला वाहून घेतले.

यातील सर्वांत ठाऊक असलेले आणि सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण भीमराव रामजी आंबेडकर यांचे आहे.

मुंबईच्या चर्नी रोड येथील बागेत एक विद्यार्थी रोज वाचत बसतो, हे कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकांच्या नजरेस आले. केळूसकर हे मराठीतील नामवंत चरित्रकार. त्यांनी मुलाची चौकशी केली, त्याला पुस्तके पुरवली आणि १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाल्यावर झालेल्या सत्कारात आपले बुद्धचरित्र भेट दिले. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाला. पण इंटरची परीक्षा होईतो निवृत्त सुभेदार रामजींची ऐपत संपली होती. शिक्षण येथेच थांबणार, अशी स्थिती आली. त्याच सुमारास मुंबईच्या एका सभेत सयाजीरावांनी लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी साहाय्य करण्याची तयारी जाहीर केली होती. केळूसकरांनी ती नेमकी लक्षात ठेवली आणि विद्यार्थ्याला घेऊन ते महाराजांकडे गेले.

ही भेट म्हणजे त्या काळचा प्रवेश अर्जच म्हणावा लागेल. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. कॉलेजात प्राध्यापक म्युलर भीमरावाला पुस्तके आणि कपडे देत. त्याच कॉलेजाच्या उपाहारगृहाचा चालक मात्र त्याला चहा किंवा पाणी देत नसे. पंचवीस रुपयांनी वर्गाचे दार उघडले, परंतु पाण्याच्या पेल्यापर्यंत त्यांची मजल गेली नाही.

१९१२ च्या परीक्षेत आंबेडकर पदवीधर झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणाची तार आली. २ फेब्रुवारीला रामजींचे निधन झाले. महाराज त्या वेळी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवण्याच्या विचारात होते. मुंबईत आंबेडकरांनी त्यांची पुन्हा भेट घेतली आणि निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर करारपत्रावर सही झाली. नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, अशा अटी होत्या. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची आणि मुदत तीन वर्षांची.

दहा वर्षांची अट आजच्या वाचकाला जाचक वाटेल. शैक्षणिक कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या किंवा सरकारी सेवेचे बंधपत्र लिहून देणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्यात आपलीच ओळख पटेल. तरी सयाजीरावांच्या बाजूने पाहिले तर या अटीत एक निश्चित हिशेब होता. राज्याच्या पैशाने शिकलेला माणूस राज्याच्या कारभारात यावा, आणि तो अस्पृश्य असेल तर त्याने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसावे. हा हिशेब कागदावर बरोबर होता.

आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. मिळणाऱ्या रकमेतून घरी पैसे पाठवायचे, जेवणाला कात्री लावायची आणि उरलेल्यातून जुनी पुस्तके विकत घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले, पुढच्या वर्षी प्रबंध पूर्ण केला आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा अभ्यास आरंभला. तो अर्धवट असतानाच शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि बडोद्याहून परत येण्याची सूचना आली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज महायुद्धातील हल्ल्यात बुडाले. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये हाती आले, त्यांतून बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली.

त्यांना स्थानकावर उतरवून घ्यावे, असा महाराजांचा हुकूम होता. प्रत्यक्षात कोणीही आले नाही. महालेखापालांच्या कार्यालयात उमेदवार म्हणून नेमणूक झाली. तेथील शिपाई कागदपत्रे लांबूनच मेजावर टाकत. राहण्यास जागा कोणी देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी मुक्काम केला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशी मंडळींचा जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे त्यांना बजावण्यात आले. आंबेडकरांनी दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला. एकाला घरचे नोकर निघून जातील अशी भीती वाटली, तर दुसऱ्याने पत्नीच्या सोवळ्याओवळ्याची अडचण पुढे केली. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचे तास त्यांनी कमाटी बागेत बसून काढले.

कमाटी बाग म्हणजे सयाजीरावांनीच नगरवासीयांसाठी उभारलेले उद्यान. ज्या राजाच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आले, त्याच्याच राजधानीत त्यांना एक खोली मिळाली नाही. महाराजांच्या कानावर ही अडचण गेली होती. त्यांनी ती दिवाण मनुभाई मेहता यांच्याकडे सोपवली आणि दिवाणांनी असमर्थता दर्शवली. सयाजीरावांचे चरित्र लिहिणाऱ्याने या ठिकाणी घाईने पुढे जाऊ नये, असे वाटते. छत्तीस वर्षे राज्य केलेल्या, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा रेटून नेणाऱ्या राजाचा शब्द आपल्याच कचेरीत आणि आपल्याच शहराच्या गल्ल्यांत अपुरा पडला. शिक्षण खाते त्यांच्या हुकमात होते, घरमालकांची मने नव्हती. त्यांनी आपला अधिकार याहून कठोरपणे वापरायला हवा होता का, हा प्रश्न मात्र उरतोच.

दहा वर्षांचा करार असा काही दिवसांत निकालात निघाला. उरलेले शिक्षण आंबेडकरांनी स्वतःच्या बळावर पुरे केले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, कोलंबियातील सहाध्यायी नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, एवढ्या शिदोरीवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने अगदी सुरुवातीला हाती घेतलेल्या कामांत सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह होते. ते जानेवारी १९२५ मध्ये सुरू झाले.

सयाजीरावांचे शिक्षणावरील लक्ष उतारवयातही ढळले नाही. संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे आणि पेट्यांतून खेडोपाडी जाणारी फिरती वाचनालये त्यांनी १९१० पासूनच उभी केली होती. बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलपतिपद त्यांनी भूषवले. बडोद्याला स्वतःचे विद्यापीठ असावे या हेतूने १९२६ मध्ये त्यांनी आयोग नेमला. कारण महाविद्यालयीन शिक्षण बडोद्यात मिळत असले तरी परीक्षा आणि पदवी मुंबई विद्यापीठाची असे. आयोगाचा अहवाल आला, पण विद्यापीठ त्यांच्या हयातीत झाले नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि १८८१ चे बडोदा कॉलेज त्याची कला शाखा बनले. या भव्य घुमटाच्या इमारतीपासून कमाटी बाग चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. बागेतील ज्या वडाखाली आंबेडकर गाडीची वेळ होईपर्यंत बसले होते, ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.